सगळ्यात मागच्या गटातून सुटला आणि भर पावसात सगळ्यांना गाठलं : रुडॉल्फ काराचिओलाची गोष्ट

गल्लीत पोरांनी पळायची शर्यत लावली की एक नियम न सांगताच पाळला जातो. सगळ्यात लहान पोराला दहा पावलं पुढं उभं करायचं आणि सगळ्यात दांडग्या पोराला रेषेच्याही मागं. सगळे एकाच रेषेवरून सुटले तर कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं, मग पळण्यात मजा ती काय?

मुंबईच्या महालक्ष्मीवर किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर घोडे पळतात तेव्हाही हाच हिशेब असतो. जो घोडा तगडा, त्याच्या पाठीवर जास्त वजन. याला म्हणतात हँडिकॅप.

आता हाच नियम मोटारींना लावला तर? एका बाजूला सात लिटर इंजिनाची, कानठळ्या बसवणारी मर्सिडीज आणि दुसऱ्या बाजूला पाऊण लिटर इंजिनाची, घरातल्या लहान बाळासारखी दिसणारी ऑस्टिन सेव्हन. दोघीही एकाच रस्त्यावर, एकाच शर्यतीत.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधी अशा शर्यती खरंच व्हायच्या आणि त्या बघायला लाखो लोक जमायचे. त्यातली सगळ्यात गाजलेली म्हणजे आयर्लंडच्या उत्तर भागातली टुरिस्ट ट्रॉफी. १९२९ साली ती जिंकली एका जर्मन माणसाने, तेही सगळ्यात मागं ठेवलेल्या गटातली अवजड गाडी घेऊन, धो धो पावसात.

त्याचं नाव रुडॉल्फ काराचिओला.

हॉटेलवाल्याचा पोरगा

नाव ऐकून हा गडी इटलीचा वाटतो. त्याचे पूर्वज इटलीतून आलेले होतेच, पण त्याला अनेक पिढ्या उलटून गेल्या होत्या. रुडॉल्फचा जन्म ३० जानेवारी १९०१ चा, जर्मनीतल्या ऱ्हाइन नदीकाठच्या रेमागेन गावचा. घरचा धंदा हॉटेलचा. पोराला मात्र गल्ल्यावर बसण्यात रस नव्हता, त्याचा जीव मोटारीत अडकलेला.

तो आखेन शहरातल्या फाफ्निर नावाच्या मोटार कारखान्यात उमेदवारी करायला लागला. १९२२ मध्ये बर्लिनच्या ॲवस ट्रॅकवर कारखान्याच्या गाडीतून पहिल्यांदा शर्यतीत उतरला आणि चौथा आला.

पहिलं महायुद्ध हरल्यानंतरचा हा काळ. आखेनमध्ये बेल्जियमच्या सैन्याचा ताबा होता. १९२३ मध्ये तिथल्या एका नाइट क्लबमध्ये काराचिओलाची बेल्जियन अधिकाऱ्याशी मारामारी झाली. आता इथे राहण्यात राम नाही हे ओळखून त्याने शहर सोडलं आणि ड्रेस्डेन गाठलं. तिथे तो मर्सिडीज बनवणाऱ्या डाइमलर कंपनीत विक्रेता म्हणून लागला. दिवसा गाड्या विकायच्या आणि संधी मिळाली की शर्यतीत पळवायच्या, असा त्याचा दिनक्रम सुरू झाला.

पाऊस पहिल्यांदा मदतीला आला

११ जुलै १९२६. ॲवसवर पहिली जर्मन ग्रां प्री होती. मर्सिडीज कंपनीचं लक्ष त्या वेळी परदेशातल्या शर्यतीकडे होतं. काराचिओलाने कंपनीला गळ घातली आणि एक गाडी मिळवली, पण कंपनीचा अधिकृत ड्रायव्हर म्हणून नाही, तर स्वतंत्र स्पर्धक म्हणून.

झेंडा पडला आणि त्याची गाडी जागीच बंद पडली. मेकॅनिक खाली उतरून धक्का मारायला लागला. गाडी सुरू होईपर्यंत एक मिनिटाहून जास्त वेळ गेला होता आणि बाकी सगळे केव्हाच दिसेनासे झाले होते.

मग पाऊस आला. ओल्या रस्त्यावर गाड्या घसरू लागल्या. मर्सिडीजचाच दुसरा ड्रायव्हर आडोल्फ रोझेनबर्गर याची गाडी घसरून वेळ नोंदवणाऱ्यांच्या खोपटात घुसली आणि तीन माणसांचा जीव गेला. कितीतरी गाड्या बाद झाल्या. काराचिओला मात्र पळत राहिला. आपण कितवे आहोत हेही त्याला ठाऊक नव्हतं. शर्यत संपली तेव्हा कळलं की आपण जिंकलोय.

बक्षिसाचे १७,००० मार्क मिळाले. त्या पैशातून त्याने बर्लिनच्या कुरफ्युरस्टेनडाम या बड्या रस्त्यावर मर्सिडीजचं शोरूम टाकलं आणि शार्लोटशी लग्न केलं. जर्मन लोकांनी त्याला नाव ठेवलं रेगेनमाइस्टर, म्हणजे पावसाचा उस्ताद.

हँडिकॅपचा हिशेब नेमका कसा असायचा?

आता आपण आयर्लंडला जाऊ.

इंग्लंडमध्ये सार्वजनिक रस्ते बंद करून शर्यती घ्यायला कायद्याने परवानगी नव्हती. उत्तर आयर्लंडचं विधिमंडळ वेगळं होतं आणि तिथे कायदा करून रस्ते बंद ठेवता येत. म्हणून १९२८ पासून टुरिस्ट ट्रॉफी बेलफास्ट शहराजवळच्या आर्ड्‌स भागात भरू लागली. ती तिथे यावी म्हणून धडपडणाऱ्यांमध्ये हॅरी फर्ग्युसन हे नाव होतं. होय, आपल्याकडच्या शेतात दिसणाऱ्या मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरमधले फर्ग्युसन तेच.

डन्डोनाल्ड, न्यूटाउनार्ड्‌स आणि कोंबर या तीन गावांना जोडणारा हा रस्ता. एक फेरी सुमारे २२ किलोमीटरची, अशा ३० फेऱ्या. म्हणजे एका दमात ६६० किलोमीटर. वाटेत शेतं, दगडी कुंपणं, वळणावर घरं आणि दुकानं. गावातल्या रोजच्या रस्त्यावरून गाड्या सुसाट जायच्या.

या शर्यतीचे दोन नियम महत्त्वाचे होते.

पहिला नियम असा की गाडी कंपनीच्या कॅटलॉगमधली पाहिजे. म्हणजे पैसे मोजले तर तुम्हाआम्हालाही दुकानातून घेता येईल अशी. फक्त शर्यतीसाठी गुपचूप बनवलेलं यंत्र चालणार नाही. कंपन्यांसाठी ही मोठी जाहिरात होती, कारण शनिवारी जिंकलेली गाडी सोमवारी शोरूममध्ये दाखवता यायची.

दुसरा नियम हँडिकॅपचा. इंजिनाच्या आकाराप्रमाणे गाड्यांचे गट पाडायचे. लहान इंजिनवाल्यांना काही फेऱ्या आधीच जमा धरायच्या, शिवाय सुटण्याच्या वेळेतही फरक ठेवायचा. समजा एखाद्या छोट्या गाडीला पाच फेऱ्यांची सूट मिळाली, तर तिने २५ फेऱ्या मारल्या की तिच्या ३० झाल्या. सगळ्यात मोठ्या गाडीला सूट शून्य. तिने पुरत्या ३० माराव्यात आणि तेवढ्या वेळात सगळ्यांची उधारी फेडावी.

हे आकडे ठरवणाऱ्याचं काम जोखमीचं. त्याचा अंदाज अगदी बरोबर निघाला, तर शेवटच्या फेरीत लहानमोठ्या सगळ्या गाड्या जवळपास एकत्र यायला हव्यात. १९२८ मध्ये तसं झालंही. दीड लिटरच्या ली-फ्रान्सिस गाडीतून के डॉन जिंकला आणि दुसऱ्या क्रमांकाची आल्व्हिस फक्त १३ सेकंदांनी मागे राहिली.

रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाची मात्र पंचाईत व्हायची. समोरून सगळ्यात जोरात गेलेली गाडी पहिली आहे की विसावी, हे नुसतं बघून कळायचं नाही. त्यासाठी फलकावरचे आकडे वाचायचे आणि कागदावर गणित मांडायचं.

१७ ऑगस्ट १९२९

त्या दिवशी साठहून जास्त गाड्या सुटल्या. बेंटली होत्या, अल्फा रोमिओ होत्या, छोट्या ऑस्टिन होत्या. सर हेन्री बर्किनच्या बेंटलीत मेकॅनिकच्या जागेवर तर कंपनीचे संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटली स्वतः बसले होते.

काराचिओलाकडे होती मर्सिडीज एसएस. इंजिन ७.१ लिटरचं, म्हणजे ऑस्टिनच्या नऊपटीहून मोठं. या गाडीला सुपरचार्जर होता. हे यंत्र इंजिनात जास्तीची हवा कोंबतं, त्यामुळे जास्त इंधन जळतं आणि जास्त ताकद मिळते. मर्सिडीजमध्ये ते कायम चालू नसायचं. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला की जागं व्हायचं आणि किंचाळल्यासारखा आवाज काढायचं. सरळ रस्त्यावर ही गाडी वाऱ्याशी बोलायची.

पण वळणावर? एवढं धूड थांबवायचं म्हणजे ब्रेकची परीक्षा. अरुंद रस्त्यावर पुढच्या लहान गाडीला ओलांडायचं म्हणजे हातभर जागेचा प्रश्न, आणि अशा डझनावारी गाड्या प्रत्येक फेरीत वाटेत येणार. त्यात पाऊस सुरू झाला. इतकी ताकद ओल्या रस्त्यावर चाकांना दिली की चाकं जागच्या जागी फिरतात आणि गाडी आडवी होते. त्यामुळे आता ती ताकदच अंगावर येणार होती. ठरवणाऱ्याने सूट आधीच वाटून टाकली होती आणि पाऊस पडला म्हणून त्यात बदल होणार नव्हता.

त्या दिवशी अनेक गाड्या रस्त्यावरून उतरल्या, काही कुंपणांवर आदळल्या. काराचिओलाचं तंत्र वेगळं होतं. तो स्टिअरिंगशी झटापट करायचा नाही. ब्रेक, ॲक्सिलरेटर, वळण, सगळं हलक्या हाताने. ओल्या रस्त्यावर गाडीला धक्का दिला तर ती हातातून सुटते, समजावून घेतलं तर चालते, हे त्याला उमगलं होतं. बाकीच्यांनी पाय आखडता घेतला तिथे त्याला फारसा घ्यावा लागला नाही.

साडेपाच तासांहून जास्त वेळ तो एकेकाची उधारी फेडत राहिला. शर्यत संपली तेव्हा तो हिशेबातही पहिला होता. सरासरी वेग ताशी सुमारे ११७ किलोमीटर, तोही गावातल्या ओल्या रस्त्यांवर. दुसरा आला अल्फा रोमिओमधला ज्युसेप्पे काम्पारी. आणि तिसरी आली ती पाऊण लिटरची ऑस्टिन सेव्हन, आर्ची फ्रेझर-नॅशची. सात लिटरची गाडी पहिली आणि पाऊण लिटरची तिसरी, यावरून हँडिकॅप ठरवणाऱ्याचं गणित किती जवळ गेलं होतं ते कळतं.

हा विजय किती अवघड होता, याचा अंदाज पुढच्या निकालांवरून येतो. आर्ड्‌सच्या रस्त्यावर १९२८ ते १९३६ अशा नऊ टुरिस्ट ट्रॉफी झाल्या. काराचिओलाची मर्सिडीज सोडली तर बाकी आठही वेळा जिंकलेल्या गाडीचं इंजिन १.८ लिटरहून लहान होतं. १९३१ मध्ये तर नॉर्मन ब्लॅक पाऊण लिटरच्या एमजीतून जिंकला. मोठ्या गाडीने सगळ्यांना सूट देऊन जिंकणं फक्त एकदाच घडलं.

पुढच्या वर्षी दारातच अडवलं

१९३० च्या जुलैमध्ये काराचिओला डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये आयरिश ग्रां प्री जिंकला. तिथेही हँडिकॅपचाच हिशेब होता. ऑगस्टमध्ये तो पुन्हा आर्ड्‌सला आला, पण या वेळी त्याला शर्यतीत उतरताच आलं नाही.

तपासणीत असं निघालं की मर्सिडीजला लावलेला सुपरचार्जर कॅटलॉगमधल्यापेक्षा मोठा आहे. म्हणजे दुकानात मिळते ती गाडी ही नव्हे. पहिल्या नियमाचा भंग झाला आणि गाडी बाद ठरली. ती शर्यत अल्फा रोमिओमधून टाझिओ नुवोलारी जिंकला.

ज्या शर्यतीने काराचिओलाचं नाव केलं, तिनेच त्याला असं परत पाठवलं. हँडिकॅप शर्यत टिकते ती विश्वासावर. एकाने जरी आपली ताकद लपवली तरी बाकीच्यांना दिलेली सूट खोटी ठरते. म्हणून आधीच्या वर्षीच्या विजेत्यालाही माफी नव्हती.

हजार मैल, आणि मग ती भिंत

जागतिक मंदी आली. बर्लिनचं शोरूम बंद करावं लागलं. मर्सिडीजनेही शर्यतींतून अंग काढलं, पण संघाचे व्यवस्थापक आल्फ्रेड नॉयबाउअर यांनी काराचिओलासाठी एक गाडी आणि मोजकी माणसं मिळवली. त्या तुटपुंज्या ताफ्यावर तो १९३१ मध्ये इटलीतली मिल्ले मिलिया जिंकला. हजार मैलांची ही शर्यत जिंकणारा तो पहिला परदेशी ड्रायव्हर. १९३२ मध्ये तो अल्फा रोमिओच्या संघात गेला.

१९३३ मध्ये मोनॅकोच्या सरावात त्याच्या गाडीच्या ब्रेकने दगा दिला आणि गाडी दगडी भिंतीवर आदळली. उजव्या मांडीच्या हाडाचा चुरा झाला. शस्त्रक्रिया झाली, महिनोन्‌महिने पाय प्लास्टरमध्ये राहिला. हा पुन्हा शर्यतीत उतरेल यावर डॉक्टरांचाही विश्वास नव्हता. पाय वाचला, पण दुसऱ्यापेक्षा सुमारे ५ सेंटिमीटरने आखूड झाला. दुखणं कायमचं मागं लागलं.

या सगळ्यात शार्लोट त्याच्या सोबत होती. फेब्रुवारी १९३४ मध्ये ती स्वित्झर्लंडच्या डोंगरात स्कीइंगला गेली आणि हिमकडा कोसळून त्याखाली सापडली. ती परत आलीच नाही.

काराचिओलाने स्वतःला घरात कोंडून घेतलं. त्याला बाहेर काढायला मित्र लुई शिरॉन आला. त्या वर्षी मोनॅकोच्या शर्यतीआधी काराचिओलाने त्याच रस्त्यावर सन्मानाची एक फेरी मारली. गाडीत बसल्यावर त्याला कळलं की अजून आपल्याला हेच करायचंय.

चंदेरी गाड्या आणि त्यामागचा पैसा

१९३४ पासून मर्सिडीजच्या चंदेरी गाड्या मैदानात आल्या. सप्टेंबरमध्ये मोन्झाला काराचिओला निम्म्याहून जास्त शर्यत पळाला, मग पायाच्या वेदना असह्य झाल्या आणि गाडी सहकारी लुइजी फाजिओलीच्या हातात द्यावी लागली. ती शर्यत दोघांच्या नावावर लागली.

मग १९३५, १९३७ आणि १९३८ असा तीनदा तो युरोपचा विजेता झाला. जर्मन ग्रां प्री त्याने एकूण सहा वेळा जिंकली. शेवटची १९३९ मध्ये, आणि त्या दिवशीही पाऊस होता.

२८ जानेवारी १९३८ रोजी फ्रँकफर्टजवळच्या महामार्गावर त्याने ताशी ४३२.७ किलोमीटरचा वेग गाठला. सार्वजनिक रस्त्यावरचा हा विक्रम २०१७ पर्यंत टिकला. त्याच सकाळी तो मोडायला गेलेला प्रतिस्पर्धी बर्न्ड रोझमायर वाऱ्याच्या झोतात गाडीवरचा ताबा सुटून ठार झाला.

या यशाची एक बाजू सांगितलीच पाहिजे. या गाड्यांमागे हिटलरच्या सरकारचा पैसा होता आणि प्रत्येक विजय प्रचारासाठी वापरला जायचा. काराचिओला नाझी पक्षाचा सदस्य नव्हता, पण जर्मनीतल्या इतर ड्रायव्हरांप्रमाणे पक्षाच्या मोटार दलात त्याचं नाव होतं. तो स्वित्झर्लंडमध्ये लुगानोला राहायला गेला होता, तरी त्या सत्तेच्या गाड्या त्याने चालवल्या आणि त्याचा चेहरा त्या सत्तेच्या कामी आला. हे त्याच्या नावातून पुसता येत नाही.

आणि मग साहजिकच एक प्रश्न उरतो. एवढा पैसा, एवढी ताकदवान गाडी मिळाल्यावर कोणीही जिंकला असता का?

याचं उत्तर शोधायचं तर पुन्हा आर्ड्‌सला जावं लागतं. हँडिकॅपच्या शर्यतीत गाडीची जास्तीची ताकद आधीच वजा केलेली असते. उरतो तो चालवणारा. १९२९ च्या त्या पावसात काराचिओलाला मर्सिडीजने जे दिलं ते ठरवणाऱ्याने सुटण्याआधीच काढून घेतलं होतं. जिंकायला कमी पडलेलं सगळं त्याच्या हातापायांतून आलं.

शेवटचं वळण

आर्ड्‌सच्या शर्यतीचा शेवट वाईट झाला. १९३६ मध्ये न्यूटाउनार्ड्‌समध्ये एक गाडी घसरून गर्दीत शिरली आणि आठ प्रेक्षक मेले. त्यानंतर त्या रस्त्यावर टुरिस्ट ट्रॉफी पुन्हा झाली नाही.

काराचिओलाचं शर्यतींचं वेड युद्धानंतरही सुटलं नाही. १९३७ मध्ये त्याने ॲलिस हॉफमनशी लग्न केलं होतं, युद्धाचा काळ दोघांनी लुगानोला काढला. १९४६ मध्ये तो अमेरिकेत इंडियानापोलिसला गेला. सरावातच अपघात झाला, डोक्याला जबर मार लागला आणि तो कित्येक दिवस बेशुद्ध होता.

तरी १९५२ मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी, तो मर्सिडीजची नवी ३०० एसएल घेऊन पुन्हा मिल्ले मिलियात उतरला आणि चौथा आला. दोनच आठवड्यांनी बर्नच्या शर्यतीत गाडी झाडावर आदळली. या वेळी डावा पाय मोडला. मग मात्र त्याने शर्यती थांबवल्या.

नंतर तो पुन्हा मर्सिडीजसाठी विक्रीचं काम करायला लागला, म्हणजे जिथून सुरुवात केली तिथेच आला. २८ सप्टेंबर १९५९ रोजी यकृताच्या आजाराने त्याचं निधन झालं. वय होतं ५८. त्याला लुगानोत पुरलं.

हँडिकॅपची शर्यत मांडणारा माणूस दुबळ्याला पुढं उभं करतो. काराचिओलाचा पाय आखूड झाल्यावर मात्र त्याला कोणी एका फेरीचीही सूट दिली नाही. युरोपची तिन्ही विजेतेपदं त्याने त्यानंतर मिळवली.